तो हत्ती फुकट नव्हता

मी, वेनेरा साखोकिया, वय वर्षे त्र्याऐंशी, राहणार स्टेशनमागची गल्ली, सामत्रेदिया, निवृत्त बुद्धिबळ शिक्षिका, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तरीही कोणाला शंका असेल तर त्याने समोर येऊन बसावे, मी पट मांडते. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. हे वाक्य वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, कारण पुढचा सगळा तंटा त्याच्यावरूनच आहे.

कलम १. घर, अंगण आणि कोंबड्या माझी मुलगी मारेखी, राहणार पोती, हिला मिळतील. मागच्या खोलीचे छत गळते. "आई, दुरुस्त करून घे" असे ती मला दर उन्हाळ्यात सांगत आली आहे. आता तिने करून घ्यावे.

कलम २. फ्रिज शेजारी इपोलितेला द्यावा. हा फ्रिज मला १९६८ च्या स्पर्धेत दुसऱ्या क्रमांकाचे बक्षीस म्हणून मिळाला होता. ही हरण्याची बिदागी आहे, असे इपोलितेने गावभर सांगितले आणि अजून सांगतो. फ्रिज चालू आहे, फक्त फार घरघरतो. त्याने तो उशाशी ठेवावा.

कलम ३. नदीकाठचा द्राक्षमळा आणि तिथे जमिनीत पुरलेले वाइनचे रांजण माझ्या भावाचा मुलगा गोचा याला मिळतील. मुलगा गुणी आहे. मळ्याची छाटणी तोच करतो, गावची बुद्धिबळाची शाळा तोच चालवतो आणि माझ्यावर जीव टाकतो. अडचण त्या शेवटच्या गोष्टीचीच आहे.

कलम ४. निवेदन. हे मालमत्तेत मोडत नाही, असे नोटरी तमिलाबाईंचे म्हणणे पडले. मी म्हटले, माझ्याकडे सगळ्यात मोलाचे हेच आहे, लिहू द्या.

१९६८ च्या हिवाळ्यात राजधानीत, तिबिलिसीला, आमच्या प्रजासत्ताकाच्या अजिंक्यपदाचा शेवटचा डाव माझ्यात आणि लामारा कुचावात झाला. जी जिंकेल ती मॉस्कोला जाणार आणि तिथून पुढे जगात. लामारा जिंकली, जगात गेली, ग्रँडमास्टर झाली. तिबिलिसीच्या बाजारात भाजीवाल्या आजही तिला पाहून उठून उभ्या राहतात. मी गावी परत आले आणि पोरांना घोडा कसा उडतो ते शिकवत राहिले.

डावाआधी क्रीडा समितीचा एक साहेब मला व्हरांड्यात बाजूला घेऊन काही बोलला, हे आमच्या गावच्या माणसांनी पाहिले. ऐन डावात लामाराचा एक हत्ती उघडा होता आणि मी तो घेतला नाही, हे तर सगळ्या सभागृहाने पाहिले. झाले. तेव्हापासून गाव म्हणते, आपली वेनेरा जिंकत होती, पण वरून हुकूम आला.

साहेब म्हणाला होता, "मुली, आतली शेगडी बंद पडली आहे. स्वेटर आणलास ना?" याच्यापुढे एक अक्षर नाही.

हे मी पन्नासहून जास्त वर्षे सांगते आहे. सांगितले की लोक डोळा मारतात. "बरोबर आहे ताई, स्वेटरच," म्हणतात आणि माझा पेला भरतात. माझे गाव माझ्यावर माया करते, आणि त्या मायेपायी त्याने त्या बाईची सगळ्यात मोठी जीत खोटी पाडली.

लामारासमोर बसणे काय असते ते यांना काय ठाऊक. ती पटाकडे फारशी बघतच नसे. खिडकीबाहेर बघत बसे, आणि मधेच माझ्याकडे अशी बघे, जणू माझ्या घरी काही वाईट घडले आहे आणि ते मला कसे सांगावे हे तिला कळत नाही. काय घडले आहे ते मला दोन-तीन चालींनी कळायचे. तिने हत्ती उघडा ठेवला तेव्हा मी घ्यायला हात उचललासुद्धा. मग हात मांडीवर ठेवला आणि विचार करत बसले. घड्याळ पळत होते. शेवटी दिसले. हत्ती घेतला की माझा राजा घराबाहेर ओढला जातो आणि पार पलीकडे, तिच्या प्याद्यांच्या दारात जाऊन मरतो. मला भीती वाटली नाही. अंगावर काटा आला. इतके देखणे काही माणसाच्या डोक्यातून निघू शकते आणि ते माझ्यासाठी रचले आहे, याचाच मला अचंबा वाटला. मी हत्ती सोडला, राजा कोपऱ्यात सरकवला आणि मग सावकाश, जीव तोडून खेळून हरले. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला डाव आहे.

परतीच्या गाडीत ती माझ्याच डब्यात होती; तेव्हा तीही याच बाजूला राहायची. वर्तमानपत्रावर चीज भरलेली खाचापुरी कापता कापता म्हणाली, "तू घेतला नाहीस. मला वाटलं होतं घेशील."

"वाईट वाटलं?"

"थोडं वाटलं. पुढची मात फार छान होती गं."

आता गोचा शाळेला माझे नाव द्यावे म्हणून सह्या गोळा करतो आहे. दगडी पाटीचा मजकूरही ठरला आहे: "वरिष्ठांच्या आदेशावरून अजिंक्यपदाचा त्याग करणाऱ्या वेनेरा साखोकिया". मी जिवंत आहे तोवर नाही म्हणते आहे. मी गेल्यावर नाही म्हणायला कोण उरणार? लामारा म्हणणार नाही. या विषयावर तिने आजवर तोंड उघडलेले नाही.

कलम ५. अक्रोडाच्या लाकडाचा पट आणि मोहरे लामारा कुचावा हिला मिळतील. आमच्याकडे मुलीला आंदणात गाद्या-रजयांबरोबर पट देतात, तसा हा माझ्या वडिलांनी दिला होता. माझे यजमान त्याच्यावर कांदे चिरू पाहत, पण तो विषय त्यांच्याबरोबर संपला. लामाराचे वडील युद्धावरून परत आले नाहीत. तिला आंदण द्यायला कोणी नव्हते.

कलम ६. आज सकाळी जे घडले ते मृत्युपत्राला धरून आहे, म्हणून इथेच लिहिते.

दोन साक्षीदार हवे होते. एक शेजारची झाइरा. दुसरी म्हणून मी लामाराला फोन करून बोलावले. कलम चारखाली तिचीच सही असली की तोंडे बंद होतील, असा माझा हिशेब. ती सकाळच्या गाडीने काठी टेकत आली. तमिलाबाईंनी कागद वाचला आणि चष्मा काढला.

"जिला काही मिळतंय तिला साक्षीला बसता येत नाही. कायदा आहे. एक तर पट घ्या, नाहीतर सही करा."

"मग पट दे," लामारा मला म्हणाली.

"अगं, तुझ्या नावाचा प्रश्न आहे."

"माझ्या नावाला काय धाड भरली आहे? लहानपणी फरशीवर खडूने पट काढून खेळायचे मी. रोज संध्याकाळी आई तो पुसून टाकायची. मला पट दे."

तेवढ्यात गोचा चीज आणि गरम पाव घेऊन आला. चर्चा त्याने दारातूनच ऐकली होती. पिशवी खाली ठेवून म्हणाला, "लामाराबाई, रागावू नका. तुम्ही आम्हाला देवासारख्या. पण तो हत्ती फुकट होता. शेंबडं पोरही घेईल."

"मांड," लामारा म्हणाली.

"आत्ता?"

"चहा गरम आहे तोवर."

त्याने डाव न चुकता मांडला. आमच्या गावात तो सगळ्यांना पाठ आहे. तो माझ्या मोहऱ्यांच्या बाजूला बसला. बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणकाला त्याने याबद्दल कधी विचारले नव्हते. उत्तर माहीत असलेला प्रश्न कोण विचारतो? त्याने उंटाला बोट लावले आणि क्षणभर थांबला. हात लावला की चालावेच लागते, हे तो स्वतः पोरांना शिकवतो.

"लावलास ना हात? घे बाळा," ती म्हणाली.

त्याने हत्ती घेतला. लामारा खिडकीबाहेर माझ्या कोंबड्या बघत होती. मग तिने गोचाकडे पाहिले, तसेच, घरी काही वाईट घडल्यासारखे. इतक्या वर्षांनी ती नजर पुन्हा पाहिली आणि मला खुर्चीत बसवेना. तिचा हात आता थरथरतो, मोहरा उचलताना शेजारच्या मोहऱ्यांना लागतो. चाल मात्र थरथरत नाही. गोचाचा राजा घराबाहेर पडला, एकेक घर करत पट ओलांडून गेला, आणि पलीकडे एका प्याद्याने त्याला मात दिली.

"पुन्हा मांडू?" गोचा म्हणाला.

"मांड की."

या वेळी त्याने हत्ती घेतल्यावर दुसरा बचाव केला. राजा दुसऱ्या वाटेने गेला आणि तिथेच मेला. चहा अजून गरम होता.

गोचाने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, "हे सगळं तुम्हाला तेव्हाच दिसलं होतं?"

"मला दिसलं त्यात काय? मीच रचलं होतं. तुझ्या आत्याला दिसलं. समोरून, घड्याळ चालू असताना. जगभर खेळले मी, किती जणींनी असे हत्ती घेतले. हिने नाही घेतला. पाटी लावायचीच असेल तर त्याची लावा."

मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले. रडले, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

परत आले तर गोचा तमिलाबाईंना विचारत होता, "दुसरा साक्षीदार कोण?"

"नाहीये अजून."

"मग माझं नाव वरून काढा. मी सही करतो."

"गोचा, सही केलीस की मळा गेला."

"कळतंय."

"रांजणांसकट."

"कळतंय म्हटलं ना, बाई."

कलम ७. सबब वरील कलम ३ रद्द समजावे. द्राक्षमळा आणि रांजण लामारा कुचावा हिला मिळतील. ती म्हणते, या वयात मी वेली कधी छाटू? छाटणी गोचा करील आणि पहिल्या रांजणातली वाइन दर वर्षी तिबिलिसीला स्वतः पोचवील. तिच्यामागे मळा तिने वाटेल त्याला द्यावा. कोणाला देईल ते मला दिसते आहे, पण ती चाल तिची आहे.

कलम ८. शाळेला नाव द्यायचे तर लामाराचे द्यावे. माझ्या दिवसाच्या जेवणात पिण्याआधी दोन शब्द बोलणाऱ्या तमादाने पेला उचलताना त्याग हा शब्द काढू नये. "हिला हत्ती दिसला होता" एवढे म्हणावे आणि प्यावे.

हे सर्व मी शुद्धीवर, राजीखुशीने लिहिले आहे. आजही आणि तेव्हाही माझ्यावर वरचे कोणतेही दडपण नव्हते. जे होते ते पटाच्या पलीकडे बसले होते.

स्थळ: सामत्रेदिया
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२३

(सही) वेनेरा साखोकिया

साक्षीदार १: (सही) झाइरा लोमिद्झे, शेजारीण. माझ्यासमोर लिहिले व सही केली.

साक्षीदार २: (सही) गोचा साखोकिया, भाचा. माझ्यासमोर लिहिले व सही केली. हत्ती मी आज स्वतः दोनदा घेऊन पाहिला. घ्यायचा नव्हता.