सेगोचा वाटा

४ सप्टेंबर
आले एकदाची! लिशिंगा शहरातून ट्रकमध्ये सुक्या मासळीच्या पोत्यांवर बसून आले, त्यामुळे लुगेंडा नदीकाठी उतरल्यावर मला आधी गावातल्या मांजरांनी ओळखलं. मग इसुफमामानं. आईचा थोरला भाऊ, म्हणजे आम्हा याओ लोकांत बापाहून मोठा माणूस. शहरात शिकून भाची आतिजा पार वाळली, आता मक्याचा शिमा खाऊन माणसात येईल, असं त्यानं अख्ख्या गावाला ओरडून सांगितलं. मध दाखवणाऱ्या पाखराच्या संशोधन छावणीत मदतनीस म्हणून मी रुजू झालेय. पाखराची चाकरी! फार खुशीत आहे मी.

७ सप्टेंबर
आज सेगोबरोबर रानात गेले. बुलबुलाएवढं करडं पाखरू, दिसायला अगदी साधं. मामा घशातून ‘ब्रर्र-हम्’ करतो, की सेगो हजर. चिवचिवत फांदीफांदीनं पुढे जातो, मागे वळून पाहतो, आपण मागे पडलो तर थांबतो आणि पोळ्याच्या झाडाशी नेऊन गप्प बसतो. मध आपला, मेण त्याचं. ते हिरव्या पानांवर मांडून ठेवायचं, ही आमची रीत. छावणीचे प्रमुख डॉक्टर बेर्नार्दो म्हणाले, रानातलं पाखरू माणसाची हाक ओळखून येतं हे सिद्ध झालं, तेव्हा भले भले शास्त्रज्ञ चाट पडले. रानाशी असे करार जमले तर उद्या जंगल राखायला कुंपणं लागणार नाहीत. ऐकून माझ्या अंगावर काटा आला. किती सुंदर गोष्ट आहे ही.

१५ सप्टेंबर
नवा प्रयोग. मेण ठेवायचं नाही, पुरायचं. उपाशी सेगो जास्त पोळी दाखवतो का, ते डॉक्टरांना पाहायचंय. मामा भडकेल असं वाटलं होतं, पण तो खो खो हसला. मेण नाही दिलं तर सेगो सिंहाच्या दारात नेतो, ही म्हणे पोरांना भिववायची गोष्ट. उपाशी मेहुणा जास्त ऐकतो, तसंच पाखराचं. मामाचा मध काढण्यातला जोडीदार रजाबो कुरकुरला, तर मामानं त्याला ‘म्हातारे, चूल बघ जा’ म्हणून चिडवलं. मेण मीच पुरलं.

२८ सप्टेंबर
प्रयोग फळाला आला. एका हाकेत सेगो येतो, पोळ्यामागून पोळी दाखवतो. डॉक्टर तर हवेत आहेत. मला मात्र त्याचं बघणं आवडत नाही. मी माती लोटते, तेव्हा तो वरच्या फांदीवर हलत नाही.

३ ऑक्टोबर
रजाबो गेला.
सेगोनं आम्हाला उंच गवतातून गोरखचिंचेपाशी नेलं आणि तो गप्प झाला. झाडावर एकही माशी नव्हती. रजाबो ढोलीत डोकावला आणि गवतातून सिंहीण आली. त्याला कुऱ्हाड उचलायलाही वेळ मिळाला नाही. मान मोडल्याचा आवाज मी ऐकला. मामानं पोळ्याला धूर द्यायचा जळता पलिता तिच्या तोंडावर मारला, तिनं पंजानं त्याचा खांदा फाडला. आम्ही पळालो.
छावणीच्या पहारेकऱ्याची बंदूक घेऊन परतलो, तेव्हा सिंहीण गेली होती. रजाबोचं पोट उघडं होतं. सेगो त्यात उभा राहून चरबी टोचत होता. पिवळी, मेणासारखी.

५ ऑक्टोबर
उरलं तेवढं पुरलं. डॉक्टर म्हणतात, योगायोग. मामा आता हसत नाही. सगळ्यात मोठं पोळं फोडून त्यानं पानांवर मेण मांडलं आणि हाक दिली. सेगो आला. मेणाकडे पाहिलं. शिवलाही नाही.

९ ऑक्टोबर
डॉक्टर — भर दुपारी, नदीवर तोंड धूत होते.
मी काठाच्या दरडीवरून पाहिलं. सेगो फांदीफांदीनं येत होता, चिवचिवत, मागे वळून पाहत. त्याच्या मागून सिंहीण चालत होती. ती थांबली की तो थांबायचा. मी किंचाळले. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मागे नाही. तिनं हात खांद्यापासून उपटला. ते किती वेळ ओरडत होते —
आम्ही वाटा बुडवला. त्यानं भागीदार बदलला.

११ ऑक्टोबर
गाव होड्यांनी पलीकडे गेलं. आम्ही दोघंच मागे. तिला मारली नाही, तर सेगो तिला उथळ पाण्यातून पोराबाळांकडे नेईल, असं मामा म्हणतो. तो बंदूक घेऊन काठावर बसणार, हाक देणार. मी नदीच्या मध्यावर होडी धरून थांबायचं, मगरी आहेत म्हणून हात पाण्यात घालायचा नाही. मी भांडले, रडले. मामासमोर भाचीनं तोंड चालवायचं नसतं, असं म्हणून त्यानं होडी ढकलली.

होडीत
नुसतं बसवत नाही म्हणून लिहितेय. मामाची हाक ऐकू येतेय. ब्रर्र-हम्. पुन्हा.
डरकाळी. बार. अजून एक बार —
मामा जिवंत आहे! बंदूक उंच धरून नाचतोय. सिंहीण मेली, मेली ती! तो ओरडतोय की वल्हव, ये पोरी, ये लवकर. मामा, माझ्या मामा —

सेगो आलाय. होडीच्या टोकावर बसलाय. माझ्याकडे बघत नाही. चिवचिवतोय, पाण्याकडे मान वाकवून.
मामा आता वेगळंच ओरडतोय. हात हलवतोय — हलू नको म्हणतोय की —
सेगो गप्प झाला.
होडीखाली काहीतरी घास