भीमाला हाक देण्याबाबत

लिहून ठेवणार मी, अण्णाराव शरणप्पा हुडगे, वय ५६, धंदा शेती व पाण्याच्या मोटारींची दुरुस्ती, राहणार गडदवाडी, तालुका मुखेड, जिल्हा नांदेड. माझी बुद्धी ठिकाणावर आहे, हात थरथरत नाही, आणि शेजारी बसून कोणी सांगत नाही. शाळा चौथीपर्यंत झाली. पुढचं माझं मी शिकलो. म्हणून हे मृत्युपत्र टाईप न करता स्वहस्ते लिहीत आहे. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही.

घाईचे कारण असे की, येत्या सोळा तारखेला नांदेडला माझ्या घशाचे ऑपरेशन आहे. जीव वाचेल, आवाज वाचणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. एकोणीसला वेळ अमावास्या आहे.

१. राहते घर पत्नी सिंधु हिचे, तिच्या पश्चात मुलगा दयानंद याचे. मागच्या भिंतीची ओल फरशी लावून झाकू नये. झाकलेली ओल आतून चालते.

२. रस्त्याकडचे शेत, बोअर व मोटारीसह, दयानंदला. त्याने ते विकले तरी मी भांडायला येणार नाही.

३. बँकेतील ठेव सिंधुची. दुरुस्तीची सर्व हत्यारे, मल्टिमीटर धरून, मुलगी शिल्पा हिची. दयानंदची नव्हेत, तो पाना वापरून न पुसता ठेवतो.

४. माझी माती रस्त्याकडच्या शेतात, आपल्या लिंगायत रीतीने बसवून करावी. डोंगराकडच्या शेतात करू नये. तिथल्या वाटेत मला बसायचे नाही. चुलतबहीण साखराबाई हिने मातीला जरूर यावे, परंतु माझी भावजय जगदेवी हिच्या पुढे बसू नये. भरल्या हळदीकुंकवातून जगदेवीला उठवणारी तीच.

५. आता डोंगराकडचे शेत. अर्धे माझ्या नावे आहे, अर्धे धाकटा भाऊ भीमा याच्या. सातबाऱ्यावर भीमाच्या नावापुढे मयत लावा म्हणून दयानंद मागे लागला आहे, कारण खडी केंद्रवाल्याला सबंध तुकडा पाहिजे. मी लावू दिले नाही. का, ते लिहितो.

वेळ अमावास्येला शेतात कडब्याची कोप करून पांडवांचे दगड पुजले की आम्ही भाऊ आंबिल शिंपडत पिकाभोवती फिरायचो. पुढे मी, मागे मडकं घेऊन भीमा. मी म्हणायचो, "ओलगे ओलगे." तो म्हणायचा, "सालम पलगे." वडिलांनी हाकेची वाटणी अशीच करून दिली होती.

शिल्पा रांगत होती त्या साली, पूजा झाल्या झाल्या कालवड सुटून डोंगरावर गेली. भीमा तिच्या मागे गेला. संध्याकाळी कालवड आपली आपण उतरली. भीमा उतरला नाही. गावाने डोंगर पालथा घातला, चप्पलसुद्धा सापडली नाही.

पुढच्या साली मी एकटाच फिरलो. सवयीने माझी अर्धी हाक दिली आणि गप्प राहिलो. माथ्यावरून उत्तर आले, "सालम पलगे."

दयानंद म्हणतो, "बाबा, एको हाय त्यो." एको मला कळतो. एरवी तिथे उभे राहून मी कितीतरी वेळा ओरडून पाहिले आहे. जे ओरडावे तेच परत येते. फक्त त्या दिवशी, मी न उच्चारलेले शब्द येतात. मुखेडचे निजामोद्दीन भाई मोटारींचे वाइंडिंग करतात आणि दरसाल त्या दिवशी शेतात जेवायला येतात. त्यांनी पहिल्यांदा ऐकले तेव्हा घास हातातच राहिला. "अन्ना, वर कोन हाय?"

"तुमी जेवा, भाई."

परत त्यांनी विचारले नाही. पण तेव्हापासून ते डोंगराकडे पाठ करून बसत नाहीत.

आणखी एक. आधी उत्तर माथ्यावरून यायचे. मग खिंडीतल्या पळसाजवळून येऊ लागले. गेल्या साली ते आमच्या तुरीतून आले. तुरीचे एक पान हलले नाही.

तरी माझे अर्धे शेत मी जगदेवी भ्रतार भीमा हुडगे हिला देत आहे. अट अशी की, दर वेळ अमावास्येला माझी अर्धी हाक तिने द्यावी, आणि उत्तर आल्यावर मागे पाहू नये.

हे कलम काल तिला वाचून दाखवले. भीमा गेल्यापासून ती त्या दिवशी शेतात येत नाही. ऐकून घेऊन म्हणाली, "भावजी, इतकी सालं हाका मारून राहिलात. जेवायला या, म्हनलात का कधी?"

मी म्हणालो, हाकेत तसा शब्द नाही.

"उपाशी गेलेत ते. त्या दिशी वाटंनं जानाऱ्याला हात धरून जेवायला बसवता, अन् घरच्या मानसाला निसतं ओलगे ओलगे."

सिंधु म्हणाली, "अगं, अन् आले म्हंजे?"

"आले तर वाढीन."

मी कागद पुढे ओढून पेन उघडले.

६. सबब, वरील कलमातील अट मी आडवी रेघ मारून रद्द केली आहे व रेघेवर सही केली आहे. शेत जगदेवीला बिनशर्त. मृत्युपत्र मेल्यावरच लागू होते हे मला ठाऊक आहे, पण तेवढे थांबता येणार नाही. म्हणून शेताचा ताबा येत्या अमावास्येपासून तिचा. मी त्या दिवशी दवाखान्यात असेन. दयानंदने तिला अडवू नये. ती ज्याला जेवायला बोलावील त्याला घरच्यांनी सरकून जागा करून द्यावी, आणि तोंड वर करून बघू नये.

ठिकाण: गडदवाडी
दिनांक: ११ डिसेंबर २०२५
सही: अण्णाराव शरणप्पा हुडगे

लिहिणाऱ्याने आमच्या देखत सही केली, आम्ही त्यांच्या देखत केली. आम्हाला यातून काही मिळणार नाही.

साक्षीदार:
१. शेख निजामोद्दीन, रा. मुखेड (सही)
२. नागम्मा विश्वनाथ पटणे, अंगणवाडीताई, रा. गडदवाडी (सही)