न सुटलेल्या फेऱ्या

२९ फेब्रुवारी २००४, रविवार. हर्नडन

सप्टेंबरनंतर आज! कामाचं कारण देता येईल, पण ते खरं नाही. लिहायला बसलं की स्वतःची उलटतपासणी सुरू होते, तिला टाळत होते. चुकलंच.

आमच्या सल्लागार कंपनीनं केलेला बेटाचा अहवाल छापून आला. वेबसाइटवर तो जानेवारीपासून आहेच. लेक सुपीरियरमधलं लार्क आयलंड — उद्योगांनी तिथे का यावं? रिकामा मासळीचा कारखाना, स्वस्त वीज, पाण्याखालून फायबर केबल. दळणवळणाचं प्रकरण माझं. किनाऱ्यापासून बोटीनं सरासरी सव्वीस मिनिटं, सेवा वर्षभर. आकडा तीनदा तपासला.

बेट मी पाहिलेलं नाही. कुणी विचारलंही नाही.

७ मार्च, रविवार

रत्नाकडे पॉटलक, प्रत्येकानं एकेक पदार्थ नेलेला. सुशांत दारातच, "पद्मिनीताई, तुमचं बेट घेतोय!" मला थट्टा वाटली. थट्टा नव्हती. त्याची नोकरी जाऊन दोन वर्षं झाली. आता विमा कंपन्यांची कागदपत्रं स्कॅन करायचं ऑफिस तिथे काढणार. अहवाल वाचूनच ठरवलं म्हणाला. शुक्रवारी दहा वाजता लीज साइन करतोय. घरातले सगळेच जाणार.

मी विचारलं, "आणि काकांचं डायलिसिस?" त्याचे वडील, राजारामकाका — आठवड्यातून तीनदा जावं लागतं.

"अहो, तुम्हीच लिहिलंय ना! सव्वीस मिनिटं, उतरलं की समोर हॉस्पिटल. इथे ट्रॅफिकमध्ये तास जातो."

त्याची बायको रेणू म्हणाली, "ताईंनी लिहिलंय म्हणजे झालं. त्या तर रेसिपीतलं मीठसुद्धा मोजून सांगतात."

काका हातात अर्धी वाटी वरण घेऊन बसले होते. "मला बोटीत बसवणार म्हणे. बंद पडली तर वल्हं मारायला मी आहेच!" सगळे हसले. मीही.

९ मार्च, मंगळवार

लंचमध्ये जुनी फाइल उघडली. बोट कंपनीनं गेल्या वर्षीचा तक्ता पाठवला होता — प्रत्येक फेरीची सुटायची वेळ, पोचायची वेळ. पोचायची वेळ कोरी होती त्या ओळी मी 'अपुरी नोंद' म्हणून आधीच काढून टाकल्या होत्या. आम्ही नेहमी तसंच करतो. मग उरलेल्यांची सरासरी काढली — तीनदा!

त्या ओळी अपुऱ्या नव्हत्या. बोट सुटलीच नव्हती. फेब्रुवारीत छप्पन्नपैकी नऊच फेऱ्या झाल्या.

बोट कंपनीला फोन केला. बाई हसली. "बर्फ धरला की नाही जात, हनी. कधी दोन दिवस, कधी अकरा." विमान? "वाऱ्यानं परवानगी दिली तर."

अकरा दिवस. काकांना तीन निघत नाहीत.

१० मार्च, बुधवार

ग्लेनला सांगितलं. साहेब शांतपणे ऐकतो, हे त्याचं चांगलं. "गुड कॅच. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू. पण आधी क्लायंटशी बोलू दे, तोवर बाहेर काही बोलू नकोस." क्लायंट म्हणजे काउंटी, बेटाचं स्थानिक सरकार. मीटिंग सोमवारी. लीज शुक्रवारी.

मी मान हलवली. का हलवली?

घरी मोरेश्वरला सगळं सांगितलं. तो कांदा चिरत होता, वर न बघता म्हणाला, "ग्लेनला कशाला पुढे करतेस? चूक तुझी आहे आणि ती सुशांतला सांगायची तुला लाज वाटतेय."

राग आला. बरोबर बोलला म्हणूनच.

११ मार्च, गुरुवार

सुशांतच्या घरी फोन केला. तो आणि रेणू खोकी आणायला गेले होते. काकांनी उचलला. त्यांनाच सगळं सांगून टाकलं.

"ठाऊक आहे गं. बेटावरचा पेपर इंटरनेटवर येतो. महिनाभर वाचतोय."

"मग बोलला का नाहीत?"

"दोन वर्षांनी पोरगा शीळ घालायला लागलाय. त्याला कळलं तर माझ्यासाठी थांबेल. माझं किती राहिलंय? तू बोलू नकोस. तुला माझी शपथ आहे, पोरी."

मी हो म्हटलं नाही. नाही म्हणायच्या आत त्यांनी फोन ठेवला.

उद्या: सकाळी आठला सुशांतच्या मोबाइलवर फोन.