भाच्याने इकडे यावे काय?

चि. सौ. धाकटीस,
ज्येष्ठ ब्रह्मचारी बंधूचे सप्रेम आशीर्वाद.

प्रकृती उत्तम. आहारात पाव आणि वैराग्य समप्रमाणात आहेत. तुझा गुडघा काय म्हणतो?

चिरंजीवांनी लग्नाआधी इकडची नोकरी पत्करावी काय, असे तू विचारतेस. आम्हा एकट्या भाडेकरूंचा एक नित्यविधी आहे. सकाळी शेजाऱ्याच्या भिंतीवर टकटक करायची. पलीकडून उत्तर आले की तो हयात आहे असे मानून कामावर जायचे. परवा शेजारच्या वेल्डरचे उत्तर आले नाही. आम्ही दार फोडले, पण उशीर झाला होता.

खोली रिकामी आहे. त्या भिंतीपलीकडे घरचे माणूस असावे, असे मला फार वाटते. तेव्हा या प्रकरणी माझा सल्ला सर्वथा त्याज्य समज.

तुझा,
दादा