पंकजच्या नावाचा लूप

प्रिय शीतल,

पोरी, फोन हाताशी असताना सासूला कागद कुठून सुचला, म्हणशील. फोनवर मला हे धड बोलता येणार नाही, म्हणून लिहितेय. माझ्या पंकजच्या जुन्या पुस्तकांवरून एकटीनं गिरवलेलं अक्षर आहे, सांभाळून घे.

डोळखांबला भात कापून झालं. शेजारची रुपा मदतीला होती. तुझ्या कॉम्प्युटरच्या जावा प्रोग्रामिंगचा विषय काढला तर म्हणाली, "धोंडीबाय, या वयात काय गो हे खूळ!" तिला काय सांगू? पंकज देवाघरी गेला त्या वर्षी तू शहापूरच्या क्लासला नाव घातलंस आणि घरी आलीस की शिकलेलं सगळं मला सांगायचीस. सांगितलं की डोक्यात बसतं, म्हणायचीस. खरं तर मला गप्प बसू द्यायचं नव्हतं तुला. व्हेरिएबल म्हणजे नाव लिहिलेला डबा, आकड्यांच्या डब्यात अक्षरं घालायची नाहीत, हे माझ्याच फडताळासमोर उभं करून शिकवलंस. सगळं कुठलं कळायला! पण तांदूळ निवडलेले डोळे माझे; ओळीच्या शेवटी घालायचा राहून गेलेला अर्धविराम तुझ्याआधी हेरायची. "आई, परीक्षेला तुमीच बसा," म्हणायचीस.

आणि ती दुपार. व्हाइल लूप शिकवत होतीस. अट खरी आहे तोवर तेच काम पुन्हा पुन्हा. पाच वेळा नाव लिहून दाखवते म्हणालीस आणि न ठरवता पंकजचं घातलंस. मोजणी एकानं वाढवायची ओळ तेवढी लिहायची राहिली. पंकज, पंकज, पंकज... स्क्रीन भरून वाहायला लागली. थांबवायचं कसं ते तुला माहीत होतं. तू हात लावला नाहीस, मीही लाव म्हटलं नाही. लॅपटॉपची बॅटरी संपेपर्यंत दोघी बघत बसलो. मग डोळे पुसून म्हणालीस, आत काहीच बदललं नाही तर लूप संपणार कसा?

मागच्या आठवड्यात अनंता येऊन गेला, तुझ्या ठाण्याच्या ऑफिसातला, मुरबाडचा. बिचारा चहा गार होईस्तोवर भाताचंच विचारत राहिला. शेवटी कळलं, त्यानं तुला लग्नाचं विचारलंय आणि तू म्हणालीस, "आई आहेत तोवर नाय."

अगं वेडे, ही कसली अट घातलीस? माझ्या मरणाशिवाय तिच्यात काही बदलायची सोयच नाही. तू मायेनंच बोललीस गो. पण तुझे केस पिकतील आणि मी खोकत का होईना, जिवंत असेन. रोज सकाळी वाटेल, आज उठले हेच चुकलं.

म्हणून लूपच्या आतला बदल मीच करते. सोमवारी वैशाखऱ्याला माझ्या बहिणीकडे, सकुबाईकडे, कायमची राहायला जातेय. तिलाही सोबत हवी आहे, आणि माझं कोण बघणार ही तुझी काळजीही मिटेल. शेत रुपा बघेल. तू अनंताला हो म्हण. मुरबाडहून वैशाखरे लांब नाही, पण लग्न झाल्या झाल्या दोघं भेटायला येऊ नका. तुझ्या शेजारी दुसरं कुणी बघायला मला थोडे दिवस लागतील. मी बोलावीन.

तुझीच,
आई