नळीत भरलेलं मीठ

रविवार, ९ मार्च १९९७

आज माझ्या घरी बनवलेल्या छोट्या बॉयलरमधून वाफ निघाली! पण आधी एक नळी माझ्याच हुशारीनं वाया गेली. तांब्याची नळी वेटोळी करताना चेपू नये म्हणून आत वाळू भरतात. मी शिरोलीच्या फौंड्रीतला, म्हणून साच्याची वाळू भरली. नळी मऊ पडावी म्हणून तापवली, तर वाळू आतच दगड! साच्याची वाळू तापून घट्ट होते, हे मी रोज बघतो की. डोकं कुठं ठेवलेलं?

बायको शैला हसून म्हणाली, "आता मीठ भरा, लोणचं तरी हुईल!" ती चेष्टा करत होती, पण मी दुसऱ्या नळीत खरंच मीठ भरलं. नळी झकास वळली. मीठ पाण्यानं धुऊन गेलं.

वडील, म्हणजे आप्पा, बघत बसलेले. साखर कारखान्याच्या बॉयलरवर जन्म गेला त्यांचा. रिटायर झाल्यापासून कशात लक्ष नाही. ड्युटीवर डोक्याला बांधायचा टॉवेल खुंटीवर तसाच. सकाळीच म्हणाले होते, "खेळणं हाय ते."

संध्याकाळी नळीच्या टोकातून फुस्स करून वाफ आली. मागं वळून बघतो तर खुंटी रिकामी. टॉवेल आप्पांच्या डोक्याला!

"सरक बाजूला," म्हणाले, "जाळ कमी पडालाय."