काठावरचं बीपी

१२ ऑक्टोबर
घाटनांदूरच्या दवाखान्यात गेलतो. मी आजारी न्हाई. पोरगा परमेश्वर यंदा ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम झालाय, अन् पहिलं आई-बापालाच तपासायला नेलं. सिस्टर विजयमालाबाई म्हनल्या, आबा, दोघांचं बी बीपी काठावर हाय. काठावर म्हंजे आत पडलं न्हाई ना, म्हनलो. गोळी दिली न्हाई. रोज अंग ताना म्हनल्या. मांड्या, पोटऱ्या, पाठ. सावकाश. बीपी उतरतं.
परमेश्वर म्हनला, उतरलं तर फडावर, न्हाई तर घरी. उसाची मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवर चढताना चक्कर आली तर जबाबदारी माझी. मला शिकवतो! फळीवर जन्म गेला माझा.

१३ ऑक्टोबर
उद्यापासून पक्कं. आज अंग दुखतंय, न तानताच.

१५ ऑक्टोबर, पहाटे
सुरू केलं. बायकोला म्हनलो, सत्यभामा, तू बी ये. ती लई हळू करती. गप्पा बी मारती. माझं तसं न्हाई. डोक्यावर मोळी घेऊन फळी चढताना कोंडतो तसा दम कोंडायचा, दात आवळायचे अन् तानायचं. कानात भुंगे वाजले. म्हंजे गुन येतोय.

१८ ऑक्टोबर
सिस्टर रस्त्यात भेटल्या. दम कोंडू नका, श्वास चालू ठेवा म्हनल्या. बरं म्हनलो. त्यांनी कधी ट्रक भरलाय का?

२२ ऑक्टोबर
दिवाळी. खाडा. सनासुदीला कोन तानत बसतंय. मीठ कमी खा म्हनल्या व्हत्या. शेव खारी नसती, तिखट असती.

२९ ऑक्टोबर
उद्या दवाखान्यात बीपीची मोजनी. सगळे खाडे आज एकदम भरून काढले. पाठ धरली. तयारी जोरात.

३० ऑक्टोबर
नंबर यायच्या आधी व्हरांड्यातल्या खांबाला धरून शेवटचं तानून घेतलं, दम कोंडून. टोळीतला बंकट म्हनला, खांब सरकारी हाय की, सोड त्याला.
बीपी पहिल्यापेक्षा वर. सिस्टरनं गप बसवून परत मोजलं. तरी वर. मशीन बिघडलं म्हनलो. हिचं मोजा, मग कळंल.
हिचं उतरलेलं.
डॉक्टरनं मला गोळी लिहून दिली. परमेश्वर खाली बघून म्हनला, आबा, तुमी ऱ्हावा.

३ नोव्हेंबर
टोळी गेली. सत्यभामा फडावर नातवंडं सांभाळायला गेली. ट्रॉलीत चढताना तिला कुनाचा हात लागला न्हाई. मी आपनहून थांबलो, म्हशीपाशी मानूस लागतंच. ती म्हनली, भाकरी येती ना तुमाला? येती म्हनलो. का न्हाई येनार?

त्याच दिवशी, सांजच्याला
पहिली मोडली. पीठ दोघांचं मळलं गेलं व्हतं. उरलेलं म्हशीला घातलं. म्हशीला लागतंच.